निनावी डोंगराचे नाव

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात टॉम प्राइस नावाचे एक गाव आहे. गाव खाणीचे आणि नावही खाणीच्याच हिशेबातून आलेले. टॉम प्राइस हे एका अमेरिकन पोलाद कंपनीचे उपाध्यक्ष होते. इथल्या लोखंडाचा त्यांनी ध्यास घेतला होता. लोखंडाचा अख्खा डोंगर सापडल्याची बातमी १९६२ साली त्यांच्या कानी गेली आणि थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. त्या डोंगराला आणि पुढे वसलेल्या गावाला त्यांचे नाव देण्यात आले. ते ठीकच झाले. पण गावाला अगदी खेटून दुसरा एक डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून १,१२८ मीटर उंच, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा थोडा ठेंगणा. गोऱ्यांच्या नकाशात त्याचे नाव आहे ‘माउंट नेमलेस’. निनावी डोंगर!

आता डोंगर निनावी मुळीच नव्हता. पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या हिंडणारे लोक त्याला ‘जार्न्डुनमुन्हा’ म्हणत होते आणि आजही म्हणतात. खडकांवर उड्या मारणाऱ्या वॉलबी नावाच्या छोट्या कांगारूंचे हे ठिकाण, असा त्याचा अर्थ सांगतात. नकाशा करणाऱ्याने नाव विचारले नाही, एवढीच गोष्ट. आता पाटीवर दोन्ही नावे दिसतात. या मुलखात खाणवाल्यांचे आणि मूळ रहिवाशांचे नाते कसे जुळले, कसे तुटले, याची कथा मला त्या पाटीपाशी उभे राहिल्यावर कळू लागली.

आम्ही तिथे गेलो ते भाच्यामुळे. तो पर्थला राहतो आणि एका खाणकंपनीत इंजिनियर आहे. आठ दिवस खाणीवर, सहा दिवस घरी, असा त्याचा संसार. विमानाने कामाला जायचे आणि विमानाने घरी यायचे. आपल्याकडे माणसे लोकलने जातात तसे! “मामा, तुम्ही पर्थ पाहून परत गेलात तर तुम्ही ऑस्ट्रेलिया पाहिलाच नाही,” असे तो म्हणाला आणि सहा दिवसांच्या सुट्टीत आम्हा उभयतांना घेऊन निघाला.

या मुलखाला पिलबरा म्हणतात. क्षेत्रफळ पाच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दीड महाराष्ट्राहून अधिक. आणि वस्ती? जेमतेम साठ हजार! आपल्याकडचे एखादे बऱ्यापैकी तालुक्याचे गाव त्या अफाट मोकळवनात विखरून टाकावे, तसे. पर्थहून दोन तासांच्या विमानप्रवासानंतर कराथाला उतरलो तेव्हा डोळ्यांना आधी जाणवला तो रंग. कोकणातली लाल माती आपण पाहिलेली असते, पण तिला हिरवा काठ असतो. इथे काठ नाही. लाल जमीन, लाल दगड, त्यावर पिवळट काटेरी गवताचे गड्डे, आणि वर इतके निळे आभाळ की ते कुणीतरी नुकतेच धुऊन वाळत घातले असावे. संध्याकाळी बायकोने पांढरा रुमाल झटकला तर तो गेरूत बुडवल्यासारखा निघाला.

वाटेत रेल्वेचे फाटक लागले. दिवे लुकलुकू लागले, आम्ही थांबलो आणि गाडी आली. तिला गाडी म्हणणे धाडसाचे आहे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ती एक चालती भिंत होती. दोनशेहून अधिक वाघिणी, प्रत्येकीत लाल खनिजाचा ढीग.

“इंजिनात ड्रायव्हर दिसला नाही,” बायको म्हणाली.

“नाहीच तो, मामी. २०१८ पासून या गाड्या आपल्या आपणच धावतात. लक्ष ठेवणारी माणसं पर्थमध्ये बसतात, पंधराशे किलोमीटरवर.”

“म्हणजे विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं?” तिने विचारले. तिला बहुधा गाडी कुठे चालली एवढेच विचारायचे होते. पण तो प्रश्न नंतर दोन दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिला.

लोखंडाची ही कहाणी चवीने सांगितली जाते ती अशी. १९५२ च्या नोव्हेंबरात लँग हॅनकॉक नावाचे एक जमीनदार पत्नीसह छोट्या विमानातून चालले होते. ढग खाली आले म्हणून विमान घळीतून न्यावे लागले आणि घळीच्या भिंती गंजल्यासारख्या लाल दिसल्या. हॅनकॉकसाहेबांनी ही गोष्ट जन्मभर सांगितली. सरकारी भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या लोखंडाची नोंद एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली होती, हे मात्र कहाणीत सहसा येत नाही. १९३८ पासून ऑस्ट्रेलियाने लोहखनिजाच्या निर्यातीला बंदी घातलेली होती. ती १९६० च्या अखेरीस सैल झाली आणि १९६६ मध्ये टॉम प्राइसचे खनिज जहाजात चढून जपानला निघाले. त्या काळात जपानी पोलाद कारखाने आपल्या गोव्याच्या खाणींचे खनिजही नेत होते. मांडवीतून बार्जेस भरून जाताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या लाल ढिगांशी थोडी जुनी ओळख वाटेल. आज पश्चिम ऑस्ट्रेलियातून वर्षाला ऐंशी कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर जाते आणि त्यातले बहुतेक चीनला.

हे सगळे सुरू झाले तेव्हा इथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही. १९६३ साली राज्य सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला, विधिमंडळाने त्याचा कायदा केला, बस्स. ज्यांची जमीन, ते त्या कागदात कुठेच नव्हते.

पण याचा अर्थ त्यांना खाणकाम कळत नव्हते असा कुणी करून घेऊ नये. मला या सबंध प्रवासात सर्वांत अधिक आवडलेली हकिगत हीच आहे. त्या काळी पिलबऱ्यातले आदिवासी गोऱ्यांच्या मेंढवाड्यांवर राबत. मोबदला म्हणजे पीठ, चहा, साखर, तंबाखू. रोख पैसा जवळजवळ नाहीच. मालकाच्या परवानगीवाचून काम सोडणेही कायद्याने कठीण. १९४२ मध्ये वेगवेगळ्या भाषा बोलणारे वडीलधारे स्कल स्प्रिंग्ज येथे जमले आणि संप करायचा असे ठरले. महायुद्ध संपेपर्यंत थांबायचे, असेही ठरले. मग १ मे १९४६ हा दिवस मुक्रर झाला. पण शेकडो मैलांवर पसरलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना तारीख कळावी कशी? डूली बिन बिन यांनी डब्यांवरच्या वेष्टनांच्या कागदावर दिवसांच्या खुणा केल्या आणि ते कागद वाड्या-वाड्यांवर पोचवले. रोज एक खूण खोडायची. शेवटची खूण खोडली की काम बंद! सुमारे आठशे माणसे बाहेर पडली. डूली बिन बिन, क्लॅन्सी मकेन्ना आणि त्यांचा गोरा साथीदार डॉन मॅक्लाउड यांना तुरुंग पाहावा लागला. संप तीन वर्षे चालला. काही जण तर पुन्हा मालकाकडे गेलेच नाहीत.

मग ते जगले कशावर? तर खाणीवर! इथल्या बायका ‘यँडी’ नावाचे लांबट, उथळ लाकडी पात्र वापरीत. आपल्या सुपाची ही सख्खी बहीण. त्यात गवताचे बी घेऊन हलवायचे, झुलवायचे आणि भुसा वेगळा काढायचा, ही त्यांची युगायुगांची विद्या. नदीकाठच्या रेतीत कथलाचे जड कण असतात. इतर देशांत ते पाण्यात खळबळून वेगळे करतात. इथे पाणीच नाही. या बायकांनी रेती यँडीत घेतली आणि पाखडली! हलकी रेती एका बाजूला, जड कथील दुसऱ्या बाजूला. पुढे पात्रे पत्र्याची झाली. त्या मिळकतीवर संपकऱ्यांनी १९५१ मध्ये स्वतःची खाणकंपनी काढली, १९५५ मध्ये ‘पिंडान’ नावाची दुसरी, आणि कालांतराने मेंढवाडेदेखील विकत घेतले. संग्रहालयात ठेवलेली यँडी पाहताना बायको बराच वेळ तिथून हलली नाही. “हाताची ढब तीच असणार,” एवढेच ती म्हणाली.

म्हणजे ही माणसे खाणीच्या विरुद्ध नव्हती. मोठ्या कंपन्या आल्या तेव्हा यांच्याशी बोलायला विषय तयार होता. पण बोलणे झाले नाही. १९६८ च्या अखेरीस मेंढवाड्यांवर समान वेतनाचा नियम लागू झाला तेव्हा मालकांनी यांना कामावरून काढले. ही कुटुंबे रोबर्नसारख्या गावांच्या कडेला येऊन पडली आणि नेमक्या त्याच वर्षांत शेजारी नव्या बंदरांवर, रेल्वेवर, खाणींवर बाहेरगावचे हजारो पुरुष पैसा आणि दारू घेऊन उतरले. त्या दिवसांविषयी रोबर्नमध्ये आजही कुणी हौसेने बोलत नाही.

वारे फिरले १९९२ मध्ये. मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क गोऱ्यांच्या आगमनाने आपोआप संपला नाही, असा निकाल ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात दिला आणि पुढच्या वर्षी तसा कायदा झाला. खाणवाल्यांत मोठी खळबळ उडाली. तेव्हा रियो टिंटोच्या ऑस्ट्रेलियन शाखेचे प्रमुख लिऑन डेव्हिस यांनी १९९५ मध्ये, हा कायदा आपल्याला मूलतः मान्य आहे आणि आपण त्याच्याशी जुळवून घेणार, अशी जाहीर भूमिका घेतली. १९९७ मध्ये यांडिकूजिना खाणीसाठी तिथल्या तीन समाजांशी करार झाला. त्यात पैसा होता, कामधंदा होता, शिक्षण होते. पुढे असे करार पुष्कळ झाले आणि ही कंपनी जगभर आदर्श म्हणून दाखवली जाऊ लागली.

आमच्या भाच्याच्या बोलण्यातूनही याची कल्पना येत होती. नोकरीला लागताना त्या जागेच्या ‘पारंपरिक मालकां’च्या वडीलधाऱ्यांनी त्याला एक दिवस शिकवले होते: कुठे काय आहे, कुठे बोलायचे नाही, कुठे जायचे नाही. खाणीच्या आवारात काही जागा खुणा लावून राखलेल्या असतात. “त्या खुणेपलीकडे चाक गेलं ना मामा, तर माझी नोकरीच जाईल,” तो म्हणाला. करिजिनीच्या अरण्यात आम्ही फर्न पूल नावाच्या झऱ्यावर गेलो तेव्हा तिथेही शांतपणे उतरा, पाण्यात उड्या मारू नका, अशी विनंती होती. हसत-खिदळत आलेली तरुण मुले ती वाचून आवाज खाली आणत होती. मला हे दृश्य फार बरे वाटले. आपल्या देवळातल्या कुंडाशी एवढी शांतता मी पाहिलेली नाही.

मात्र या करारांत एक मेख होती. कायद्याने मूळ रहिवाशांना वाटाघाटीचा हक्क दिला, ‘नाही’ म्हणण्याचा दिला नाही. सहा महिने बोलून जमले नाही तर लवाद बसतो. यिंजिबार्न्डी समाजाने एका बड्या कंपनीची देणगी तुटपुंजी म्हणून नाकारली. खाण तरी उभी राहिलीच, आणि समाजात दोन तट पडले ते वेगळेच. जमिनीवर त्यांचा अनन्य ताबा असल्याचा निकाल न्यायालयाने २०१७ मध्ये दिला तेव्हा तिथे खनिज निघू लागून वर्षे लोटली होती. आपल्याकडे ओरिसातल्या नियमगिरीवर बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये एकमुखाने नकार दिला आणि तो टिकला. तसे दार इथे नाही.

आणि मग जुकान.

टॉम प्राइसच्या वायव्येला, ब्रॉकमन खाणीच्या हद्दीत ही घळ आहे. आम्ही ती पाहिली नाही; ती पर्यटकांना दाखवण्याची जागा नव्हे. पुटु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा या दोन समाजांची ती भूमी. घळीत खडकाखालचे दोन निवारे होते. त्यांतल्या एकात ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा होत्या. मधल्या हिमयुगात, जेव्हा आतला मुलूख ओस पडला असे मानतात, तेव्हादेखील तिथे माणसे येत राहिली होती. त्या निवाऱ्यात २८,००० वर्षांपूर्वीचे, कांगारूच्या हाडाचे टोकदार हत्यार मिळाले. आणि मिळाली माणसाच्या केसांची एक वेणी, चार हजार वर्षांपूर्वीची. तिची तपासणी झाली तेव्हा नाते जुळले ते आज त्याच मुलखात राहणाऱ्या कुटुंबांशी! आपल्याकडे सात पिढ्यांची वंशावळ सांगता आली तरी आपण छाती फुगवतो.

गंमत अशी, की गंमत तरी कशी म्हणावी, हे सगळे सापडले ते २०१४ च्या उत्खननात. निवारे नष्ट करण्याची परवानगी १९७२ च्या वारसा-कायद्याखाली २०१३ च्या डिसेंबरातच मिळून गेली होती. एकदा दिलेली परवानगी नवी माहिती आली म्हणून पुन्हा तपासावी, अशी तरतूद त्या कायद्यात नव्हती. खाणीचे चार आराखडे करता येत होते. त्यांतल्या तिघांत निवारे वाचत होते. कंपनीने चौथा घेतला, कारण त्यात सुमारे ऐंशी लाख टन उंची खनिज अधिक मिळत होते. आणि बाकीचे तीन आराखडे आहेत, हे त्या समाजाला सांगण्यातच आले नाही. कराराच्या कलमांनी त्यांच्या तक्रारीच्या आणि जाहीर बोलण्याच्या वाटा आधीच आवळून ठेवल्या होत्या.

२०२० च्या मे महिन्यात समाजाच्या लोकांनी घळीत जाण्याची परवानगी मागितली. जुलैत येणाऱ्या आपल्या वार्षिक सोहळ्याच्या सप्ताहात तिथे जावे, असे त्यांच्या मनात होते. तेव्हा त्यांना कळले की भोके पाडून दारू भरायला घेतली आहे. नऊ दिवस धावपळ, पत्रे, विनवण्या. २४ मे रोजी स्फोट झाला.

सह्या होत्या, परवाना होता, करार होता, दिलेला पैसा होता. कायद्याच्या पुस्तकात बोट ठेवायला जागा नव्हती. मी भाच्याला विचारले, “अरे, एवढी माणसं, एवढी खाती, एकालाही थांबा म्हणता आलं नाही?” तो म्हणाला, “मामा, थांबा म्हणायचं काम कुणाचंच नव्हतं.” मला वाटते, पार्लमेंटच्या समितीने दोन जाडजूड अहवालांत जे सांगितले त्याचा गाभा या वाक्यात आला. नाते म्हणजे देणगी नव्हे, समारंभात म्हटलेले स्वागताचे शब्दही नव्हेत. समोरच्याने थांबा म्हटल्यावर चाक थांबते की नाही, एवढेच त्यात पाहायचे असते. सासर-माहेरच्या नात्यांतही आपण दुसरे काय पाहतो?

पुढे जगभर गहजब झाला. रियो टिंटोच्या मुख्य कार्याधिकाऱ्यासह तिघा बड्या अधिकाऱ्यांना जावे लागले. अध्यक्षांनीही पुढच्या वर्षी आपण पायउतार होणार असल्याचे जाहीर केले. भागधारकांचा रेटा नसता तर हे घडले असते का, याची मला शंका आहे. शेजारच्या बीएचपीने आपल्याकडे चाळीस जागा नष्ट करण्याचा परवाना असूनही, बन्जिमा समाजाशी पुन्हा बोलल्यावाचून हात लावणार नाही, असे सांगितले. राज्याने नवा वारसा-कायदा केला. तो १ जुलै २०२३ ला अमलात आला, शेतकरी-जमीनदारांनी ओरड केली आणि वर्ष संपायच्या आत तो मागे घेऊन जुनाच कायदा थोड्या दुरुस्त्यांनी परत आणला गेला. तेव्हा सरकारच्या भरवशावर कुणी फारसे राहू नये, हे दोन्ही बाजूंना कळले असावे.

दोन्ही समाज आणि कंपनी मात्र बोलत राहिले, हे मला विशेष वाटते. इतक्या मोठ्या घावानंतर एखाद्याने तोंडही पाहिले नसते. पण खाण चालूच राहणार, जमीनही तीच राहणार. शेजार काही सुटत नाही. २०२२ मध्ये भरपाईचा आणि स्मृती-प्रतिष्ठानाचा करार झाला. घळीतला ढिगारा उपसून, चाळणीने चाळून पुन्हा उत्खनन सुरू झाले. आणि २०२५ च्या जूनमध्ये ‘सहव्यवस्थापना’च्या करारावर सह्या झाल्या. त्यातला महत्त्वाचा भाग पैशाचा नाही. खाणीची पहिली रेघ कागदावर ओढली जाईल तेव्हाच समाजाची माणसे त्या टेबलाशी बसतील, हा आहे. पूर्वी आराखडा पुरा झाल्यावर तो घेऊन कंपनीची माणसे येत आणि सही कुठे करायची ते दाखवीत.

आम्ही परतताना पॅराबर्डूच्या विमानतळावर होतो. जवळच यिन्हावांग्का समाजाच्या भूमीवर ‘वेस्टर्न रेंज’ नावाची नवी खाण त्याच जून महिन्यात सुरू झाली आहे. इथे राखायच्या जागांचा आराखडा कंपनीने आणि त्या समाजाने २०२२ मध्येच मिळून तयार केला आणि खाण त्याप्रमाणे आखली गेली. वर्षाला अडीच कोटी टन खनिज निघेल आणि ती सुमारे वीस वर्षे चालेल असा अंदाज आहे. विमान वर चढल्यावर भाच्याने खिडकीतून बोट दाखवले. लाल डोंगराच्या कुशीत खनिज वाहून नेणारा लांबच लांब पट्टा पसरलेला होता आणि त्याच्या पलीकडे न खणलेला डोंगर, उन्हात, जसाच्या तसा.